वजनाबरोबर घरातलं धान्यही विचारा



क्षयाच्या दवाखान्यात थुंकी तपासतात, एक्स-रे काढतात, वजन करतात. पण घरात धान्य किती दिवसांचं उरलंय, हे क्वचितच कोणी विचारतं. एके काळी मात्र क्षयाच्या उपचारात अन्नच पुढे होतं.

औषधं नव्हती तेव्हा रोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवत. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी हाच उपचार. पुढे औषधं निघाली. १९५६ साली मद्रासमध्ये एक चाचणी सुरू झाली. काही रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषध दिलं. घरच्यांचं खाणं निकृष्ट होतं, तरी तेही जवळजवळ तितकेच बरे झाले. गरिबाला हा मोठा आधार मिळाला, कारण खाटेवाचून आता अडणार नव्हतं. पण त्याबरोबर गोळ्या दिल्या की झालं, अशी समजूतही रुजली.

त्यानंतर काही वर्षांनी दूर अमेरिकेत वेगळं घडलं. मिसिसिपीतल्या माउंड बायू गावी १९६७ च्या सुमारास डॉ. जॅक गायगर यांच्या दवाखान्यातले डॉक्टर उपाशी मुलांना चिठ्ठीवर अन्नच लिहून देत आणि पैसे औषधांच्या खात्यातून भरत. वरून विचारणा झाली, तरी ते मागे हटले नाहीत.

भूक आपल्यालाही नवी नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पण कुपोषण म्हटलं की आपल्याला बाळंच आठवतात. खंगलेली मोठी माणसं नजरेतून सुटतात.

एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरोग्याला आहारासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. मधल्या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत रोग्यांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. रोग्याबरोबर घरालाही अन्न लागतं, हे २०२३ साली असं सिद्ध झालं.

मग विचारायचं काय? दोनच गोष्टी. गेल्या वर्षात पैसे हाती येण्याआधी धान्य संपेल, अशी काळजी वाटली का? आणि खरंच संपलं, तेव्हा आणायला पैसे नव्हते, असं झालं का? अमेरिकेत २०१० पासून दवाखान्यांत असे दोन प्रश्न विचारतात. मधुमेहाच्या, किडनीच्या, कॅन्सरच्या दवाखान्यातही ते तितकेच उपयोगी. उपाशी पोटी इन्सुलिन टोचलं तर साखर एकदम उतरते, हे डॉक्टरांना आधी कळायला नको का?

वसई-विरारला वीटभट्टीवर, बांधकामावर जव्हार-मोखाड्याची माणसं येतात. रेशनकार्ड गावी राहिलं, तरी आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही धान्य मिळतं. गटातल्या कुणाला मोठा आजार असेल, तर हे तिला सांगू या. आणि बाईला आपण होऊन सांगायला लाज वाटते. म्हणून आशाताईंना, डॉक्टरांना आपणच म्हणू या: वजनाबरोबर घरातलं धान्यही विचारा.