मुलांना घेऊन पलीकडे

लहान मुलांना घेऊन फिरायला जाण्याला इतिहास असतो असे म्हटले, तर बहुतेक लोक हसतील. इतिहास राजांना असतो, लढायांना असतो, फार तर देवळांना असतो. तीन वर्षांच्या पोराचे बोट धरून धक्क्यापर्यंत जायचे, बोटीत बसायचे आणि परत यायचे, याची बखर कोण लिहिणार? पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ साली झाली, दियोगु द कौतु हा तिथला पहिला अधिकारी. जमिनींचे, करांचे, तहांचे कागद तिथे ढिगाने आहेत. पण अमक्या आजोबांनी तमक्या नातवाला खांद्यावर बसवून जत्रेला नेले, अशी नोंद कुठला कारकून करणार? मी स्वतः कारकून आहे. नोंद कशाची होते आणि कशाची होत नाही हे मला चांगले ठाऊक आहे!

तरीही गोव्यापुरता हा इतिहास थोडाफार जुळवता येतो, आणि तो सुरू होतो एका दुःखद गोष्टीपासून. १५४० नंतर तिसवाडीत आणि १५६७ च्या सुमारास साष्टीत पोर्तुगीजांनी देवळे पाडली. भाविकांनी मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडे नेल्या. कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. चोडण बेटावरची देवकीकृष्णाची मूर्ती आधी मये आणि मग माशेल अशी फिरली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला आला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला. अंत्रुज महाल, म्हणजे आजची फोंड्याची बाजू, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्याकडे गेला थेट १७६३ साली.

हे सगळे आपण शाळेत शिकतो आणि त्यातला अन्यायही आपल्याला कळतो. पण त्याचा घरगुती परिणाम काय झाला, याचा विचार सहसा होत नाही. देव पलीकडे गेले आणि माणसे अलीकडे राहिली. मग देवाला भेटायचे म्हणजे नदी ओलांडणे आले. होडी आली, नावाडी आला, शिदोरी आली, मुक्कामाची अग्रशाळा आली. घरात तान्हे मूल असले तर त्याला कुलदेवतेच्या पायावर घालायला न्यायचे, म्हणजे त्या मुलाच्या आयुष्यातला पहिला प्रवास पाण्यावरूनच व्हायचा. जी गोष्ट घडली ती मोडतोड आणि पळापळीतून, तिच्यातून पुढच्या पिढ्यांच्या मुलांना होडीची सफर मिळाली. मोठ्यांसाठी ती यात्रा होती. मुलांसाठी सहल होती.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जुन्या घरातली बाई एकटी, नुसते वारे खायला म्हणून बाहेर पडत नसे. तिला निमित्त लागे. देवाला घालायचे मूल, जत्रा, पालखी, माहेरचे बोलावणे, ही ती निमित्ते. कडेवर मूल असले की तिला घराबाहेर पडायची वाट मोकळी व्हायची. आपण म्हणतो आईने मुलाला फिरवले. कितीतरी वेळा मुलानेच आईला फिरवलेले असते.

माशेलचे देऊळ या बाबतीत मला फार बोलके वाटते. कृष्णाची देवळे सगळीकडे आहेत, पण इथे पूजा होते ती देवकीची आणि तिच्याजवळच्या बाळकृष्णाची. आई आणि लहान मूल. याच देवळासमोरच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. पाऊस पडत असतो, लाल माती भिजून लोणी झालेली असते आणि अंगाला तेल चोपडलेली मोठमोठी माणसे त्यात गवळ्यांच्या पोरांसारखी खेळत असतात. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ‘चिखलात जाऊ नकोस’ म्हणून ओरडणारा बाप त्या दिवशी मुलाला घेऊन चिखलात उतरतो. मोठ्यांनी मुलांच्या पातळीवर यायचे, ही गोष्ट परंपरेने इथे पंचांगातच घालून ठेवली आहे. अलीकडे सरकारनेही हा उत्सव पर्यटनासाठी उचलून धरला आहे. होऊ दे बापडा. चिखल काही त्यामुळे बदलत नाही.

जत्रेतली खेळणी, पिपाण्या, भिरभिरी, सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि भातुकली, आले आणि गूळ घातलेले खाजे, हे सगळे या फिरण्याला जोडूनच आले. खाजे तर देवळाच्या जत्रेत मिळते तसेच चर्चच्या फेस्तातही मिळते. पोराला धर्म कळायच्या आधी खाजे कळते! आणि उन्हाळ्यात पैसे न मोजता मिळणारे खेळणे म्हणजे काजूची बी. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. त्यांना त्याचा काय उपयोग वाटला असेल तो असो, आमच्या गावच्या मुलांनी त्याच्या बियांच्या गोट्या केल्या.

आता बागेकडे वळू. फिरायला म्हणून मुद्दाम राखलेली सार्वजनिक जागा ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातली. पणजीतली चर्चसमोरची बाग १८५५ ची. तिला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. हा वैद्य गोव्यात राहिला आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. बागेत बँडस्टँड आहे. बागेतल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, मुक्तीनंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. मुंबईची राणीची बाग १८६२ सालची. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८७९ साली सयाजीबाग केली. तिथली जुनी मराठी घरे तिला आजही कमाटीबाग म्हणतात, आणि बडोद्यात वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला लहानपणाबद्दल विचारा, दुसऱ्या वाक्यात कमाटीबाग येते.

पण बाग असून भागत नाही, वेळही लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या घटनेकडे आपण कामगार चळवळीचा विजय म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या पुढच्या रविवारी किती बापांनी आपली मुले उजेडात नीट पाहिली असतील, याचाही हिशेब मांडायला हवा. बाप पहाटे जातो आणि मुले झोपल्यावर येतो, अशा घरात फिरायला जाणे कुठले? आज शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी भोगणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांनी लोखंड्यांचे नाव अधूनमधून घ्यायला हरकत नाही.

खास मुलांसाठीच केलेल्या जागा आल्या त्या आणखी पुढे, मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. मुंबईत मलबार हिलवर कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट १९५२ सालचा. पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी धावू लागली १९५६ साली. गोव्यात मुक्ती १९६१ ची, त्यामुळे आमची गाडी जरा उशिरा सुटली. कांपालचा बालविहार, बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय, या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी. बोंडल्याला सहल गेली नाही अशी गोव्यातली शाळा सापडणे कठीण!

या जागा चांगल्याच आहेत. मात्र त्यांच्याबरोबर एक समजूतही हळूच आत आली. ती अशी, की मुलांची मजा ही वेगळ्या ठिकाणी असते आणि तिथे मुलांना ‘न्यावे’ लागते. त्याआधी मुलांना बरोबर नेत असत. बाजाराला जाताना, देवाला जाताना, पाहुण्यांकडे जाताना. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजी मिरच्या निवडायची आणि नातू शेजारच्या टोपलीतल्या कोंबड्यांशी बोलायचा. आजीचे काम आणि नातवाची करमणूक एकाच फेरीत व्हायची.

हा फरक ज्यांनी ओळखला त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव आधी घ्यावे लागेल. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी कुरणशाळा चालवली. मुले गुरे राखायला जातात ना, मग शाळाही कुरणात जाईल. पाने, दगड, बिया, ओढ्याचे पाणी ही तिथली साधने. मूल आहे तिथे जायचे आणि जे आहे त्याच्याशी खेळायचे, एवढे साधे ते तत्त्व होते.

गोव्यात या तत्त्वाला कुणी नाव दिले नाही, पण फेरीबोटीने ते वर्षानुवर्षे चालवले. होडी गेली, मग ‘गॅसोलीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारलाँच आल्या, मग सपाट फेरीबोटी आल्या. साखळदंड खडखडत फळी खाली येते, माणसे, स्कूटर आणि गाड्या बाहेर पडतात, दुसऱ्या आत येतात, फळी वर जाते, घंटा होते. चार वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठे नाटक दाखवता येत नाही. साध्या सरकारी फेरीबोटीत पायी चालणाऱ्याकडून अनेक वर्षे पैसेही घेतले गेले नाहीत. मांडवीतून खनिजाच्या बार्जी ओळीने जात तेव्हा त्या मोजणे हा आणखी एक खेळ असे. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर ती मोजणीही थांबली.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मोठ्यांचे हाल आता कळतात. कचेरीला उशीर, पावसात धक्क्यावर रांगा, आजाऱ्याला पणजीला न्यायचे तर जीव टांगणीला. आम्हा मुलांना मात्र त्यातले काही कळत नव्हते. पणजीला जायचे म्हणजे बोटीतून जायचे, एवढेच कळत होते. वडील एका हातात छत्री आणि एका हातात माझे मनगट धरून कठड्याशी उभे राहत. बोलत फारसे नसत. पण त्या दहा मिनिटांत त्यांना दुसरीकडे जाता येत नसे, आणि ती दहा मिनिटे माझी होती.

मला वाटते, या सगळ्या इतिहासातून हाती काही लागत असेल तर ते हेच. मुलाला ठिकाण लागत नाही, अडकलेला मोठा माणूस लागतो. होडीत, बैलगाडीत, जत्रेच्या गर्दीत, फेरीबोटीत मोठी माणसे मुलाबरोबर अडकून पडत. वाट बघण्यापलीकडे त्यांना काम नसे. म्हणून ती गोष्टी सांगत, बगळा दाखवत, पाण्यात खडा टाकायला देत.

आता पूल झाले. झुवारीवर पहिला पूल १९८३ साली आला आणि आगशी-कुठ्ठाळीची फेरी संपली. मांडवीवर नवा पूल १९९२ साली सुरू झाला, २०१९ मध्ये अटल सेतू आला. सिओली-चोपडे, मग २०२२ मध्ये नवा झुवारी पूल. पूल हवेतच, रुग्णवाहिकेसाठी तरी हवेतच, याबद्दल वाद नाही. पण पुलावरून गाडी दोन मिनिटांत जाते, मूल मागच्या सीटवर मोबाईलमध्ये असते आणि नदी कधी आली कधी गेली ते कुणालाच समजत नाही. मग रविवारी आपण त्याच मुलाला मॉलमध्ये नेतो, अर्ध्या तासाचे पैसे भरून रंगीत चेंडूंच्या हौदात सोडतो आणि बाहेर खुर्चीवर बसून आपापला मोबाईल काढतो. मूल आत, आपण बाहेर. मी ते निंदा म्हणून सांगत नाही, मीही त्या खुर्चीवर बसतो. पण यात खेळ आहे आणि आपण नाही, हे खरे.

ज्या फेऱ्या उरल्या आहेत त्या किती दिवस राहतील सांगता येत नाही. एकेका बेटाला पुलाची मागणी होते आणि तिथे राहणाऱ्यांच्या अडचणी पाहता तिला नाही म्हणणे आपल्याला शोभत नाही. म्हणूनच आता, उरल्या आहेत तोवर जावे असे वाटते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जा. बेटावर शेतातल्या रस्त्याने मुलाच्या पावलाने चाला, म्हणजे दर दहा पावलांना थांबत. दुसऱ्या बाजूला नार्व्याची फेरीबोट आहे. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी सप्तकोटेश्वर याच पाण्यावरून पलीकडे गेला. मुलाला हे सांगितले तर कदाचित ऐकेल, कदाचित नाही. त्या वेळी कठड्यावर खेकडा दिसला असेल तर नक्कीच ऐकणार नाही. तेव्हा खेकडाच पाहा. सप्तकोटेश्वर काही रागावणार नाही.

फक्त जाताना टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, आणि फळी वर-खाली होताना मुलाचा हात सोडू नका.