जव्हार-मोखाड्याच्या रात्री

जव्हार संस्थानाचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे पहिली गोष्ट निघते ती बैलाच्या कातड्याची. जयबा मुकणे ह्या कोळी पुरुषानें तेथील वारली नायकापाशीं एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती मिळतांच कातड्याची बारीक वादी कापून सारा मुलूख वेढून टाकला, अशी ही दंतकथा आहे. कार्थेजच्या डायडो राणीचीहि कथा हीच. तेव्हां तिच्या खरेपणाविषयीं फारसें बोलावयास नको. पुढें जयबाच्या मुलास, नेमशहास, दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपदाची मान्यता मिळाली व १३४३ सालच्या त्या दिवसापासून संस्थानानें आपला निराळा शक चालविला. १६६४ सालीं सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजीमहाराज जव्हारावरून गेले. आणि १९४८ सालीं संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. येथें आमचीं इतिहासाचीं पुस्तकें मिटतात. कातडें ज्यांच्या जमिनीवर पसरलें ते वारली, आणि त्यांचे शेजारी कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे लोक ह्या सहाशें वर्षांत दिवस मावळल्यावर काय करीत होते, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

वस्तुतः त्यांच्या करमणुकीचें पंचांग मोठें रेखीव आहे. भात, नागली व वरई हीं डोंगराळ जमिनीचीं पिकें; त्यांच्या चालीनेंच नाच चालतो. नवें धान्य हातीं येण्याच्या सुमारास तारपा घुमूं लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाचें पान व मेण एवढ्यावर हें वाद्य तयार होतें. वाजविणारा गालांत हवा सांठवून नाकानें श्वास घेत राहतो, त्यामुळें सूर तुटत नाहीं. आणि त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुषांची सांखळी सर्पाप्रमाणें वेटोळें घालते व सोडते. तारप्याकडे पाठ करावयाची नाहीं, एवढा एक दंडक सर्वांनीं पाळावयाचा. येथें प्रेक्षक असा निराळा वर्ग नाहीं. पाय थकला कीं माणूस सांखळींतून सुटतो आणि विसावला कीं पुन्हां जोडला जातो.

होळीनंतर मात्र रंग पालटतो व बोहाड्याचे दिवस येतात. मोखाड्यास जगदंबेचा हा उत्सव मोठ्या थाटाचा होतो. जव्हाराकडेहि त्याची परंपरा आहे. लांकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगविलेले मुखवटे चढवून एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडांत रस्त्यानें नाचत येतें. पुढें संबळ व पिपाणी. सोंग चार पावलें पुढें जातें, दोन मागें येतें, गिरकी घेतें आणि लोकांच्या दुतर्फा दाटींतून वाट काढतें. आरंभीं गणपति व शारदा, मग रामायण-महाभारतांतील वीर व राक्षस, आणि अखेरीस देवी व महिषासुर ह्यांचें युद्ध. कांहीं मुखवट्यांचें वजन असें कीं तो घेऊन रात्रभर नाचणें म्हणजे तालमींतली मेहनतच होय. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं अमुक सोंग अमुक घराण्याचें, हा मान पिढीजात चालतो. ज्याच्या घरीं रावण, त्यानें रावणच नाचवावा. मध्ययुगीन इंग्लंडांत यॉर्क शहरीं बायबलांतील एकेक प्रसंग एकेका धंद्याच्या संघाकडे नेमून दिलेला असे. तीं नाटकें १५६९ नंतर धर्मक्रांतीच्या ओघांत बंद पडलीं. बोहाडा चालू आहे. आमच्या नाट्येतिहासांत दशावतार व लळित ह्यांना स्थान मिळालें, तसें ह्याला अद्याप पुरेसें मिळालेलें नाहीं, ही गोष्ट आमच्या विद्वत्तेस भूषणावह नव्हे.

हे सारे खेळ रात्रीचे कां, ह्याचें एक उत्तर सोपें आहे : उन्हाचा ताप व टेंभ्यांची शोभा. पण दुसरेंहि एक आहे, आणि आमच्या मतें तें अधिक खरें. दिवस त्यांचा नव्हता. मोखाडा महाल इंग्रजी अमलांत, जव्हार संस्थानी अमलांत. तरी सावकार, जंगलाचा ठेकेदार आणि वेठबिगार ह्यांच्या त्रासांतून सुटका दोहोंकडे नव्हती. लग्नासाठीं काढलेल्या थोड्या कर्जापायीं वर्षानुवर्षें धन्याच्या घरीं राबणारा ‘लग्नगडी’ ठाणें जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक होता. आनंदाचा एक दिवस इतका महाग पडे. त्यांतच १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध आले, आणि अंगणांत पडणारें फूल गोळा करणारा माणूस गुन्हेगार ठरूं लागला. अशा लोकांस ‘आळशी व व्यसनी’ अशी पदवी देणाऱ्या अंमलदारांची लेखणी वारल्यांच्या रात्री पाहून लिहीत होती, त्यांचे दिवस पाहून नव्हे. ह्या दिवसांचा जाब १९४५ च्या वारली उठावानें मागितला. गोदावरी परुळेकरांनीं ती हकीकत लिहून ठेविली आहे.

वेठ गेली, पण पंचांग पुन्हां दुसऱ्याच्या हातीं गेलें आहे. भात झोडून झालें, दिवाळी सरली कीं जव्हार-मोखाड्याचीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघतात; पाड्यांत म्हातारीं माणसें उरतात. त्यामुळें तारप्याचा हंगाम आंखडला. बोहाड्याचें तसें झालें नाहीं, कारण होळीला माणूस कसेंहि करून घरीं परततो.

दरम्यान तारप्याचें चित्र मात्र जगभर गेलें. लग्नाच्या चौकाभोंवतीं सुवासिनींनीं तांदळाच्या पिठानें काढावयाची ही कला डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे ह्यांनीं कागदावर व कापडावर आणली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. आतां तें वेटोळें साड्यांवर, पेल्यांवर, शहरांतील भिंतींवर दिसतें. पाहुण्यांपुढें दिवसाढवळ्या दहा मिनिटें तारपा-नाच करून दाखविण्याचीहि पद्धत पडली आहे. त्यांत सांखळी असते, सूर असतो, पण थकलेल्यानें बाहेर पडून विसावण्यास व पुन्हां आंत शिरण्यास वेळच उरत नाहीं.