शेतकरी, मेंदूचा कर्करोग आणि एक प्रदीर्घ तपास

अमेरिकेतील शेतकरी हा तेथील शहरवासीयाच्या मानाने निरोगी माणूस. धूम्रपान कमी, अंगमेहनत अधिक. त्यामुळे हृदयविकार व फुप्फुसाचा कर्करोग त्याच्या वाट्याला कमी येतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मृत्युनोंदी तपासताना संशोधकांना एक विसंगती जाणवू लागली. रक्ताचे, लसिकाग्रंथींचे, ओठांचे आणि मेंदूचे कर्करोग शेतकऱ्यांत अपेक्षेपेक्षा काहीसे जास्त भरत होते. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे एरन ब्लेअर व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली अशा अनेक पाहण्या एकत्र करून ही गोष्ट मांडली. संशय अर्थातच कीटकनाशकांवर आणि तणनाशकांवर गेला.

संशयाची शहानिशा करण्याचे काम व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने अंगावर घेतले. आयोवा, मिशिगन, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही मक्याची, सोयाबीनची व दुभत्याची चार राज्ये निवडली गेली. महानगरे वगळून तेथील ग्रामीण भागांत १९९५ पासून सुमारे दोन वर्षांत ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाचे निदान झालेले ७९८ रुग्ण अभ्यासात आले. हा रोग वर्षाकाठी लाखात पाच-सहा जणांना होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढे रुग्ण गोळा करण्यातील खटाटोप कळतो. तुलनेसाठी वाहन-परवान्यांच्या व वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या याद्यांतून १,१७५ निकोप माणसे निवडण्यात आली.

खरी अडचण पुढेच होती. ग्लायोमाचा रुग्ण बहुधा फार काळ जगत नाही, आणि जगला तरी त्याची स्मृती व वाचा शाबूत राहीलच असे नाही. त्यामुळे कितीतरी रुग्णांच्या वतीने पत्नी, पती वा मुले बोलली. निकोप माणसे मात्र बहुतांशी स्वतःच उत्तरे देत होती. आम्ही माळव्यात महसूल खात्यात असताना फौतीच्या नोंदींसाठी वारसांचे जबाब घेत असू. बांध कोणाचा, विहिरीत हिस्सा किती, हे विधवेला बिनचूक ठाऊक असे. पण नवऱ्याने कोणत्या साली कोणते औषध फवारले असे विचारले असते, तर तिने दुकानदाराकडे बोट दाखवले असते! त्या चार राज्यांतील स्त्रिया आमच्याकडच्यांपेक्षा अधिक हिशेबी असतीलही, तरीही वीस वर्षांपूर्वीच्या डब्यावरचे नाव सांगणे सोपे नव्हे. संशोधकांनी ही उणीव झाकली नाही. दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या मुलाखती वगळूनही त्यांनी गणिते मांडून पाहिली.

अविमा रूडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पुरुषांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, पुढच्याच वर्षी स्त्रियांविषयीचे आले. शेतावरील कीटकनाशकांचा व ग्लायोमाचा संबंध दोन्हीकडे आढळला नाही. २०१२ साली फवारणीच्या प्रमाणाचा अंदाज बांधून पुन्हा हिशेब झाला, उत्तर तेच. ज्या संशयासाठी एवढी यातायात केली तो पुराव्यात उतरत नाही, असे छापून मोकळे होण्यास धैर्य लागते. आमच्या नोकरीत असे अहवाल फारसे पाहण्यात आले नाहीत.

मात्र २००९ साली एक निराळी गोष्ट पुढे आली. फवारणीनंतर लगेच हातपाय न धुणाऱ्यांत, तसेच कपडे न बदलणाऱ्यांत ग्लायोमाचे प्रमाण सुमारे तिप्पट दिसले. हाही आधार आठवणींचाच, तेव्हा तो जपूनच वापरावा. पण औषध कोणते याहून ते अंगावर किती वेळ राहिले, हा प्रश्न आम्हांला अधिक शेतकऱ्याच्या जवळचा वाटतो. माळव्यात पाठीवर पंप घेऊन सोयाबीन फवारणारे गडी त्याच हातांनी बांधावर भाकरी खाताना आम्ही पाहिले आहेत, आणि आमच्या कोणत्याही नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

फ्रान्समधील जिराँद हा द्राक्षमळ्यांचा प्रांत. तेथील २००७ सालच्या अभ्यासात, कीटकनाशकांशी सर्वाधिक संबंध आलेल्या कामगारांत मेंदूतील गाठींचा धोका दुपटीहून थोडा अधिक निघाला. मक्याचे शेत आणि द्राक्षमळा यांतील फवारणी सारखी नसते, हे यामागचे एक कारण असू शकेल. ग्लायोमाची निर्विवाद ठरलेली कारणे अद्याप मोजकीच आहेत: डोक्याला मिळालेला तीव्र किरणोत्सर्ग आणि काही दुर्मिळ आनुवंशिक विकार.