नेमून दिलेली जागा : मुंबईतील बेकायदा कचऱ्याचा इतिहास

कचरा टाकणे बेकायदा ठरण्यासाठी तो टाकण्याची एखादी कायदेशीर जागा आधी असावी लागते, आणि ती दाखवून देणे हे नगराच्या कारभाऱ्यांचे काम असते. मुंबईच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या नागरी कारभारात दंडाची कलमे जितक्या तत्परतेने लिहिली गेली तितक्या तत्परतेने जागा नेमल्या गेल्या नाहीत; आणि ज्या नेमल्या गेल्या त्या बहुधा दलदलीच्या, खाडीकाठच्या अशाच होत्या, जेथे तसेच काही टाकणाऱ्या ट्रकवाल्याला पुढे गुन्हेगार म्हणून पकडण्यात येऊ लागले.

दंडाची कल्पना अर्थातच फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात, नगराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या नागरिक नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना, रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा आणि चिखल वा पाणी तुंबवणाऱ्यास पाव पण दंड सांगितला असून राजमार्गावर हीच रक्कम दुप्पट होते. मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप यांचे मेलेले शरीर नगरात टाकल्यास ३ पण, गाढव, उंट, खेचर किंवा गुरे यांचे टाकल्यास ६ पण आणि माणसाचे प्रेत टाकल्यास ५० पण, अशी ती चढती श्रेणी आहे. अयोग्य जागी मलमूत्रविसर्जन करणाऱ्यासही तेथे दंड आहे, मात्र औषध, रोग किंवा भीती यांमुळे तसे घडले असल्यास तो माफ करावा, असेही बजावले आहे. ग्रंथातील विधान म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार नव्हे हे खरे, परंतु सक्तीच्या परिस्थितीची ही दखल नंतरच्या अनेक नगरसंहितांत सापडत नाही, हेही तितकेच खरे.

गावगाड्यात हा प्रश्न या स्वरूपात उभा राहिला नाही, कारण तेथे केरकचरा व शेण यांना धनी होता. प्रत्येक घराचा उकिरडा ठरलेला असे, आणि त्यातील खत पेरणीपूर्वी शेतात जात असल्याने तो दुसऱ्याच्या दारात टाकणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे होते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या नगरपालिकेने मैल्यापासून केलेले सोनखत उसाच्या मळेवाल्यांना विकले, ते याच अर्थव्यवहाराच्या आधारे. मुंबई बेटाला असे शेतीचे पाठबळ नव्हते. तिन्ही बाजूंनी समुद्र, मध्ये भरतीचे पाणी शिरणारे सखल पट्टे आणि कापसाच्या व्यापाराबरोबर फुगत जाणारी वस्ती, अशा या शहरात घाणीला गिऱ्हाईक नव्हते, तिला फक्त अंतर हवे होते.

ब्रिटिश संसदेच्या १७९३च्या सनदी कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे शहरातील मानद दंडाधिकारी यांना रस्ते झाडण्यासाठी माणसे नेमण्याचा आणि त्यासाठी घरांवर पट्टी बसवण्याचा अधिकार दिला, आणि मुंबईत सफाईचा खर्च प्रथमच रीतसर नागरिकांच्या करावर पडला. पुढे १८४५मध्ये ‘कॉन्झर्व्हन्सी बोर्ड’ म्हणजे घाण काढण्याच्या व्यवस्थेसाठी मंडळ, १८५८मध्ये तीन आयुक्त आणि १८६५मध्ये विस्तृत अधिकारांचा एकच आयुक्त अशी स्थित्यंतरे झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव गगनाला भिडवला होता आणि १८६४च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांच्या वर गेली होती. त्यामुळे पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड आणि आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्यासमोर पहिला प्रश्न कचरा उचलण्याचा आणि दुसरा, अधिक अवघड प्रश्न तो नेण्याचा होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शहराच्या मध्यावरच मिळाले. अठराव्या शतकात वरळीजवळ हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून समुद्र अडवल्यानंतर भायखळ्यापासून महालक्ष्मीपर्यंतचा जो सखल पट्टा उघडा पडला, त्याला इंग्रज कागदपत्रांत ‘फ्लॅट्स’ म्हटले जाई. शहराचा केर या पट्ट्यात टाकून जमीन उंच करण्याचे काम नगरपालिकेने अनेक वर्षे चालवले. त्यातून कचऱ्याची विल्हेवाट लागत होती आणि शिवाय बांधण्याजोगी जमीन तयार होत होती, त्यामुळे हिशेबाच्या वहीत हा व्यवहार फायद्याचा दिसत असे, दुर्गंधी मात्र भोवतालच्या वस्तीच्या वाट्याला येई. कचऱ्याने दलदल बुजवली की दलदलीची जमीन होते, हा धडा मुंबईला तिच्या नगरपालिकेनेच प्रथम घालून दिला, आणि शहर तो पुढे कधीही विसरले नाही.

फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी ज्याच्या घडणीत मोठा वाटा उचलला, तो १८८८चा मुंबई महानगरपालिका अधिनियम या विषयापुरता बारकाईने वाचण्यासारखा आहे. रस्ते झाडून घेणे व केर उचलणे याची तजवीज आयुक्ताने करावी, गोळा झालेला केर महानगरपालिकेच्या मालकीचा समजावा, केरासाठी पेट्या, डेपो व जागा आयुक्ताने पुरवाव्यात किंवा नेमाव्यात, आणि मग घरमालकाने व भोगवटादाराने, म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्याने, आपला केर तेथे नेऊन टाकावा, असा त्या कलमांचा क्रम आहे. नागरिकाचे कर्तव्य येथे प्रशासनाच्या कर्तव्यामागून येते. दंडाच्या कारवाईचा विचार करताना हा क्रम पुढे वारंवार उलटा वाचला गेला.

याच अधिनियमाने ‘हाऊस गल्ली’ या वस्तूला कायदेशीर व्याख्या दिली. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे येत असताना मध्ये जो अरुंद बोळ सोडला जाई, त्यातून सांडपाणी वाहे आणि त्यातूनच हलालखोर, म्हणजे शौचकूपांतील मैला काढणारे नगरपालिकेचे कामगार, आत शिरून टोपल्या बाहेर काढत. रस्ते झाडून कचरा गाड्यांत भरणारे बिगारी वेगळे आणि हलालखोर वेगळे. दोन्ही कामे जातीने बांधलेली होती व दोन्हींवर मुकादमाची हुकमत चाले. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी या भागांतील चाळींत बोळाकडे उघडणारी खिडकी ही स्वयंपाकघराची असे, आणि वरच्या मजल्यावरून जिने उतरून रस्त्यावरच्या पेटीपर्यंत जाण्यापेक्षा केर खिडकीतून खाली सोडणे हजारो कुटुंबांना सोयीचे वाटले. भुयारी गटारे व पाण्याचे संडास आल्यावर हलालखोराचे येणे थांबले, तरी बोळ राहिला. जमीन मालकाची, वापर भाडेकऱ्यांचा, प्रवेश नगरपालिकेचा, अशा तिहेरी गुंत्यामुळे तो साफ कोणी करायचा हा वाद मात्र संपला नाही. भाडेनियंत्रणामुळे मालकाला इमारतीत रस उरला नाही, हेही यामागचे एक कारण होते. खिडकीतून पडलेल्या पिशवीवर नाव नसते, त्यामुळे दंड कोणाला करायचा हे ठरत नाही. एका अर्थाने हाऊस गल्ली हा मुंबईचा पहिला अनधिकृत आणि तरीही कायद्याच्या व्याख्येत बसणारा उकिरडा होय.

१८९६च्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले, आणि घाणीचा प्रश्न एका रात्रीत साम्राज्याचा प्रश्न बनला. घरात शिरून तपासणी, सामान जाळणे, रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवणे असे उपाय योजताना आयुक्त स्नो यांना एका गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे घाबरलेले सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगीच उरणार नाही. काही सक्ती सैल करण्यामागे ही धास्तीही होती. ज्यांना समाजाने सर्वांत खालची पायरी दिली होती, त्यांच्या हातात शहराचे अस्तित्व होते, हे प्रशासनाने इतक्या स्पष्टपणे क्वचितच कबूल केले असेल.

प्लेगचा दुसरा परिणाम अधिक टिकाऊ ठरला. केर शहराबाहेर न्यायलाच हवा या निष्कर्षाप्रत येऊन नगरपालिकेने १८९७मध्ये चेंबूरजवळ देवनार येथील ८२३ एकर पाणथळ जमीन घेतली आणि १८९९पासून तेथे कचऱ्याच्या आगगाड्या जाऊ लागल्या. आज हार्बर मार्गाचा भाग असलेल्या कुर्ला ते चेंबूर या फाट्यावर १९२४पासून उतारू गाड्या धावू लागल्या, पण त्याआधी त्या रुळांवरून केर वाहून नेला जात असे. शहराच्या मुख्य वस्तीपलीकडे, इतरांच्या गावाशेजारी, खाडीच्या कडेला: यापुढील प्रत्येक जागा याच तीन अटींवर निवडली गेली. मालाडचे चिंचोली बंदर, गोराई, मुलुंड आणि कांजूरमार्ग या कचराभूमी त्याच साखळीतल्या आहेत. मालाडची भरून बंद झाली आणि त्या परिसरावर माइंडस्पेस हे कार्यालयीन संकुल उभे राहिले, तेव्हा ‘फ्लॅट्स’चा जुना हिशेब पुन्हा एकदा जमला.

स्वातंत्र्योत्तर काळात हद्द उपनगरांपर्यंत वाढली, परंतु शहरातील वस्तीचा मोठा भाग झोपडपट्ट्यांत राहत असूनही तेथे केराच्या पेट्या व गाड्या पोहोचत नव्हत्या, कारण अनधिकृत वस्तीला नागरी सेवा द्यावी की नाही याचाच निर्णय होत नव्हता. जवळचा नाला हाच मग त्या वस्तीचा डेपो झाला. रहिवाशांना दोष देणे सोपे होते आणि तो भरपूर दिलाही गेला. मात्र १८८८च्या कलमांचा क्रम लक्षात घेता, जागा न नेमलेल्या वस्तीकडून नेमलेल्या जागीच केर टाकण्याची अपेक्षा कायद्यालाही पेलणारी नव्हती. महानगरपालिकेने पुढे दत्तक वस्ती योजनेतून स्थानिक संस्थांना मानधन देऊन झोपडपट्ट्यांतील केर उचलण्याची सोय केली, आणि मध्यमवर्गीय गल्ल्यांसाठी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रगत परिसर व्यवस्थापन हा रहिवासी गटांचा उपक्रम सुरू केला. याच दशकात नाशिकमधून पुढे आलेली घंटागाडी महाराष्ट्रभर पसरली. दारापर्यंत गाडी आली की रस्त्यावरची कुंडी काढून टाकता येते, हा त्यामागचा विचार होता आणि बऱ्याच अंशी तो यशस्वी ठरला, पण गाडीच्या वेळेला घरी नसलेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर कुंडी काढणाऱ्यांनी दिले नाही.

केंद्राच्या २०००च्या घनकचरा नियमांनंतर मुंबईने २००६मध्ये स्वच्छता व आरोग्य उपविधी केले, म्हणजे अधिनियमाच्या अधिकारात स्वतःचे स्थानिक नियम बनवले, आणि रस्त्यावर कचरा टाकणे वा थुंकणे यासाठी २०० रुपये जागच्या जागी वसूल करण्याची सोय झाली. हे काम २००७पासून ‘क्लीन अप मार्शल’ या खासगी संस्थांच्या माणसांकडे सोपवण्यात आले आणि दंडातील निम्मा वाटा त्या संस्थांना मिळू लागला. पूर्वी वसुलीचे मक्ते देणाऱ्या राजवटींना जो अनुभव येई तोच येथेही आला: मार्शल घाणीपेक्षा गर्दीच्या मागे गेले, स्थानकाबाहेरचा परगावचा प्रवासी हे त्यांचे सोपे सावज ठरले, दमदाटीच्या तक्रारी वाढल्या, योजना बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली. हाऊस गल्लीत किंवा रात्री खाडीकाठी मार्शल सहसा दिसला नाही.

खाडीकाठी जे टाकले जाते ते घरातील केरापेक्षा वेगळे असते. जुनी इमारत पाडून नवी उभारताना निघणारा राडारोडा, म्हणजे विटा, काँक्रीट, माती, फरशीचे तुकडे, तो नेण्याचा ठेका ट्रकमालकाला एकरकमी दिला जातो. दूरच्या अधिकृत जागी जाण्याऐवजी जवळच्या खारफुटीत माल ओतला की डिझेल व वेळ वाचतो, आणि तेथे पाणथळ बुजवून जमीन करू पाहणारा कोणी असेल तर त्याच्याकडूनही पैसे मिळतात. बेकायदा राडारोड्याला दोन्ही टोकांना पैसे देणारा असल्यामुळेच केवळ ट्रक पकडून तो थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५मध्ये खारफुटीच्या तोडीवर व त्यात राडारोडा टाकण्यावर बंदी घातली, ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामास मनाई केली आणि २०१८च्या अंतिम निकालात ती भूमिका अधिक ठाम केली. २००५च्याच पावसाळ्यात, २६ जुलैच्या महापुराने, तुंबलेले नाले व आकसलेली मिठी नदी यांची किंमत शहराला दाखवून दिली होती.

२०१६च्या जानेवारीत देवनारच्या ढिगाऱ्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आणि फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने, कचऱ्याच्या विल्हेवाटीची धड व्यवस्था नसताना त्यात भर घालणारी नवी बांधकामे कशी मंजूर करता येतील, असा प्रश्न करून नव्या इमारतींच्या परवानग्या रोखल्या. न्यायालयाने वेगळ्या शब्दांत १८८८चा क्रमच पुन्हा मांडला होता: आधी जागा, मग कर्तव्य. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अटींसह ही बंदी शिथिल केली, ज्यांत राडारोडा नेमलेल्या ठिकाणीच जावा ही एक होती. दरम्यान २०१६च्या केंद्रीय नियमांनी राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी निश्चित केली, आणि महानगरपालिकेची प्रक्रिया केंद्रे दहिसर व डायघर येथे उभी राहिली. त्यांपैकी डायघर ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या हद्दीबाहेर आहे.

कांजूरमार्गची कचराभूमी शास्त्रीय पद्धतीची म्हणून गाजवली गेली होती. ती ज्या सुमारे १२० हेक्टर जमिनीवर आहे ती संरक्षित वनातून वगळण्याचा राज्य सरकारचा निर्णय उच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये रद्द केला आणि जमिनीचा वनाचा दर्जा परत दिला. सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांतच त्या निकालाला स्थगिती दिली. रात्री खारफुटीत ट्रक रिकामा करणाऱ्याला दंड करणारी महानगरपालिका, आपल्या सर्वांत मोठ्या कचराभूमीवर केर टाकण्याचा आपला हक्क शाबीत करण्यासाठी, अशा रीतीने स्वतःच दिल्लीच्या न्यायालयात उभी आहे.