वेठबिगाऱ्याचा सोबती झाला

राजुरीला बहिणीकडे गेलो की भाचा रात्री मोबाईलवर जपानी चित्रकथा वाचत असतो. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा, हे मला त्यानंच शिकवलं. यंदा त्याची गोष्ट एका गुप्तहेराची होती. गुप्तहेर हाडामांसाचा, जोडीदार यंत्रमानव. वाचता वाचता तो थांबला. "मामा, तो गप्प बसलाय. त्याला वाईट वाटलं असेल का?"

मला उत्तर देता आलं नाही, पण ‘तो’ हा शब्द डोक्यातून जाईना. यंत्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते’. मोटार बिघडली तरी तिला वाईट वाटलं का, असं कोणी विचारत नाही. पण यंत्रापुढे ‘मानव’ जोडला की समासाचं लिंग शेवटच्या पदावर जातं आणि ‘ते’चा ‘तो’ होतो. पोराचा प्रश्न व्याकरणानं आधीच अर्धा सोडवून ठेवला होता.

‘रोबो’ या शब्दाचं मूळ यापेक्षा फार कडू आहे. चेक लेखक कारेल चापेक यांनी 1920 साली एक नाटक लिहिलं, ‘आर. यू. आर.’. कारखान्यात माणसासारखे कामकरी घडवायचे आणि जगभर विकायचे, अशी त्याची कल्पना. या कामकऱ्यांना काय म्हणावं हे कारेलना सुचेना. लॅटिनमधल्या श्रमवाचक शब्दावरून ‘लाबोरी’ म्हणावं असं मनात होतं, पण तो शब्द पुस्तकी वाटत होता. भाऊ योसेफ चित्र रंगवत उभा होता, तोंडात कुंचला. तो तसाच पुटपुटला, मग ‘रोबोती’ म्हण. ही आठवण कारेलनी पुढे स्वतः लिहून ठेवली आणि शब्दाचं श्रेय भावाला दिलं. ‘रोबोता’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतात कुळानं फुकट राबायचं ते काम. बोहेमियात ती 1848 साली कायद्यानं संपली, म्हणजे चापेक बंधूंच्या आजोबांच्या पिढीला ती माहीत असणार. आपल्याकडेही ‘वेठीला धरणं’ हा वाक्प्रचार अजून रोजच्या बोलण्यात आहे, त्यामुळे या शब्दाची चीड मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. पीठ मळावं तसा जिवंत द्रव्याचा गोळा मळून ते बनवले जात. दिसायला थेट माणूस. आज ज्याला अँड्रॉइड म्हणतात तेच ते. पत्र्याचा रोबो नंतर आला.

हे नाटक 1920च्या दशकातच जपानी रंगभूमीवर पोचलं. तिथं त्याचं नाव झालं ‘जिन्झो निंगेन’, म्हणजे घडवलेला माणूस. वेठ गळून पडली, माणूस राहिला. मराठीतल्या ‘यंत्रमानव’नंही तेच केलं. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी दोघींनी वेठबिगाऱ्याला माणसाच्या पंगतीत बसवलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ओसामु तेझुका यांनी 1949 साली ‘मेट्रोपोलिस’ हा मांगा काढला, त्यात मिची नावाचं घडवलेलं मूल आहे आणि त्याला आसरा देणारा मिशाळ म्हातारा खासगी गुप्तहेर आहे. भाच्याच्या हातातल्या गोष्टीचं जपानी मूळ मी तिथं धरतो.

पण गुप्तहेराला सोबती लागतोच कशाला? याचं उत्तर राजुरीच्या लोकांना शोधायला लांब जायला नको. तमाशाची पंढरी नारायणगाव जवळच आहे. बतावणीत सोंगाड्या मध्येच अडवतो, येड्यासारखं विचारतो, आणि प्रेक्षकाच्या पोटातली शंका बाहेर पडते. शेरलॉक होम्सचा वॉटसन हेच करतो. बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयामागे छोटू असतो तोही याचसाठी. सोबती म्हणजे गोष्टीत शिरलेला वाचक.

या जागेवर यंत्रमानव बसवला आयझॅक असिमॉव्ह यांनी. संपादक जॉन कॅम्पबेल यांचं म्हणणं होतं की विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदू शकत नाहीत, कारण गुप्तहेर ऐन वेळी एखादं नवं यंत्र काढून कोडं सोडवून टाकेल. असिमॉव्हना ते पटलं नाही. दुसरे संपादक होरेस गोल्ड यांनी माणूस आणि रोबो अशी जोडी सुचवली, आणि 1953 साली ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ क्रमशः आली, पुढच्या वर्षी पुस्तक झालं. पोलीस इलायजा बेली रोबोंचा तिटकारा करणारा. जोडीदार डॅनील इतका माणसासारखा, की हा रोबो नाहीच, वेषांतर केलेला माणूस आहे, असा आरोप बेली चारचौघांत करतो. डॅनील शांतपणे आपला हात उघडून आतलं यंत्र दाखवतो. इथं सोबत्याचं काम उलटलं. छोटू विचारतो, हे तुम्हाला कसं कळलं? डॅनील नुसता समोर बसला तरी बेलीला स्वतःलाच विचारावं लागतं, मी माणूस कशावरून?

तेझुकांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मधली 1964–65ची एक गोष्ट घेऊन नाओकी उरासावा यांनी 2003 ते 2009 या काळात ‘प्लुटो’ काढला. त्यात गुप्तहेर गेझिश्ट स्वतःच रोबो आहे. सुरुवातीलाच तो एका मारल्या गेलेल्या पोलीस रोबोच्या बायकोला बातमी सांगायला जातो. तीही रोबो, चेहरा पत्र्याचा, हलत नाही. तो तिला नवऱ्याच्या स्मृतीची चकती देऊ करतो आणि ती शेवटचे क्षण पाहते. चित्रकारानं त्या चेहऱ्यावर एक रेषही वाढवलेली नाही. मी ते पान पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आपल्या बाजूची मुळंही आहेत. भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’त अकराव्या शतकात यंत्रांचं अख्खं प्रकरण आहे, त्यात लाकडी सेवक आणि द्वारपाल आहेत. ‘कथासरित्सागरा’त एका सुताराचं नगरच लाकडी माणसांनी भरलेलं आहे. ज्ञानेश्वरीत दोरीनं हलणाऱ्या बाहुलीला ‘साइखडें’ असा जुना शब्द आहे. हे सगळे हुकमाचे ताबेदार. सोबती त्यांत कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन शेजारच्या आळ्याला गेलो. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथं आहे असं परंपरा सांगते. लोक तिला हात जोडतात, नवस बोलतात. ओझी वाहणारा जीव, पखालीच्या वेठीतला, बोलला म्हणून गावानं त्याला देऊळ दिलं. भाचा बराच वेळ पाहत राहिला. परतताना गाडीत त्यानं मोबाईल काढला, गोष्टीत पुढं गेला, आणि म्हणाला, "मामा, बोलला तो. रात्री गप्प होता ना, आता बोलला."