कुटुंबपुरस्कृत स्थलांतर (अमेरिका)

अमेरिकेच्या नागरिकाने किंवा कायम रहिवाशाने जवळच्या नातेवाइकाला कायम वास्तव्याचा परवाना (ग्रीन कार्ड) मिळावा म्हणून पुरस्कृत करण्याची कायदेशीर पद्धत. १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने वंशमूलाधारित जुना कोटा रद्द करून कौटुंबिक नात्याला प्राधान्य दिले (पहा : नागरिकत्व, स्थलांतर). नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. कायम रहिवाशाला फक्त जोडीदार व अविवाहित मुलांसाठीच अर्ज करता येतो. पुरस्कर्त्याला सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवून निर्वाहाची लेखी हमी द्यावी लागते.

नागरिकाची भावंडे चौथ्या प्राधान्य-श्रेणीत येतात. तिच्यासाठी वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा असतात. शिवाय कोणत्याही एका देशाचा वाटा सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांपुरता मर्यादित आहे. भारतीय भावंडांची प्रतीक्षा त्यामुळे दीड दशकाहून लांबते. तिची सर्वाधिक झळ मुलांना बसते : अर्ज भरताना शाळकरी असलेला भाचा नंबर लागेपर्यंत २१ वर्षांचा झाल्यास बहुधा आईवडिलांच्या अर्जातून वगळला जातो. २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने मूळ अर्ज कार्यालयात प्रलंबित राहिलेला काळ वयातून वजा होतो, व्हिसाच्या रांगेतला नव्हे. भारतातील अर्जदारांच्या मुलाखती मुख्यतः मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात (पहा : व्हिसा).