घंटा वाजते का, हे कोण पाहणार?

झाशीला शहराचा आकार दिला तो मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी. अठराव्या शतकाच्या मध्याला त्यांनी किल्ला वाढवला, दक्षिणेतून माणसे आणून वसवली आणि किल्ल्याच्या पायथ्याशी दाट वस्ती उभी राहिली. परकोटाच्या आतल्या त्या जुन्या झाशीत बडा बाजार आहे: अरुंद रस्ता, भिंतीला भिंत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. अशा शहरात आग कशी पसरते याचे वर्णन मराठी वाचकाला घरबसल्या मिळते. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या एप्रिलात झाशीतच अडकले होते आणि इंग्रज फौजेने हलवाईपुऱ्याला लावलेली आग त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये नोंदलेली आहे. ती आग शत्रूने लावलेली, तिथे कोणता नियम कामी आला असता म्हणा! पण आगीला शत्रूच लागतो असे नाही, एक स्विचबोर्डही पुरतो. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री याच शहरातल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली आणि त्या रात्री दहा अर्भके दगावली. त्यानंतर उत्तर प्रदेशच्या उपमुख्यमंत्र्यांनी सांगितले की फेब्रुवारीत अग्निसुरक्षेची तपासणी झाली होती आणि जूनमध्ये सरावही झाला होता. म्हणजे तपासणी झालीच नव्हती असे म्हणायची सोय नाही. ती कुणी, कुणासाठी आणि कशाची केली, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर स्प्रिंकलरच्या इतिहासात सापडते.

छतातून आपोआप पाणी सोडणारे यंत्र सरकारने आणले नाही, लोकांचे जीव वाचावेत म्हणूनही ते निघाले नाही. 1874 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये हेन्री पार्मली याने ते आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी केले, फ्रेडरिक ग्रिनेलने सुधारले आणि ते पसरले कापडगिरण्यांतून. तेलाने माखलेली लाकडी जमीन आणि हवेत तरंगणारा कापूस यांमुळे गिरणी म्हणजे पेटायला टपलेली इमारत, आणि तिचा विमा उतरवणाऱ्याची झोप उडालेली. 1880 च्या दशकात इंग्लंडातल्या बोल्टनच्या गिरणीवाल्यांपुढे आग लावून हे यंत्र चालवून दाखवले गेले. 1884 मध्ये बॉस्टनच्या एका विमा मंडळाच्या वुडबरी या अभियंत्याने बाजारातले निरनिराळे स्प्रिंकलर तुलना करून तपासले. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या जॉन वर्माल्डने विमा कंपनीसाठी नियम लिहिले. यंत्र आणि त्याची परीक्षा अशी दहा-बारा वर्षांत जोडीनेच जन्माला आली, कारण परीक्षा खोटी निघाली तर भरपाई परीक्षकाच्याच मालकाला द्यावी लागणार होती. आमच्या सगळ्या अग्निसुरक्षेत आज हरवला आहे तो हाच दुवा.

परीक्षा म्हणजे नेमके काय, ते पाहण्यासारखे आहे. छताला टांगलेल्या तोटीत लाल द्रव भरलेली काचेची बारीक नळी असते. 68 अंशांना ती फुटते आणि पाणी सुटते, तेही तेवढ्याच तोटीतून. सिनेमात सगळे छत एकदम बरसते, तसे होत नाही. बसवताना पाइपात कामाच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब दोन तास धरून गळती पाहतात. पुढे अधूनमधून सर्वांत लांबच्या टोकाचा चाचणी-व्हॉल्व्ह उघडतात: एका तोटीइतके पाणी वाहू लागले की धोक्याची घंटा वाजली पाहिजे, आणि अमेरिकी मानकानुसार ती पाच मिनिटांच्या आत. रंगाऱ्याने काचेवर ब्रश फिरवला आहे का, माल तोटीपर्यंत रचला आहे का, हे मात्र मान वर करून पाहावे लागते. बाजारपेठेतल्या गोदामाला भोवते ते हेच.

आपल्याकडेही हा दुवा पूर्वी होता. विम्याचे दर ठरवणाऱ्या टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीच्या नियमांप्रमाणे बसवलेल्या आणि तिने मान्य केलेल्या स्प्रिंकलरवर विम्याच्या हप्त्यात सवलत मिळे. 2007 मध्ये विम्याचे ठरलेले दर गेले आणि सवलतीचा हिशेब ज्या-त्या कंपनीच्या मर्जीवर आला. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. कायदा चांगला आहे, पण प्रमाणपत्र देणाऱ्याचे पैसे मालकच चुकवतो. मुंबईत कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 ला आगीत चौदा माणसे गेली. ज्या गिरण्यांनी जगाला आगीची तपासणी शिकवली, त्यांच्याच आवारातल्या उपाहारगृहांत हे घडावे, ही थट्टा इतिहासच करू जाणे.

यावर तीन आक्षेप येतील. बडा बाजारासारख्या जुन्या पेठेत ही चैन परवडणार नाही, कायदाही मुख्यतः उंची आणि क्षेत्रफळच पाहतो, हा पहिला. पण जिथे बंब शिरत नाही तिथेच छतातल्या पाण्याची गरज जास्त, आणि एका गल्लीने मिळून एक टाकी बांधणे अशक्य नाही. खर्च होईल, हे मान्य. दुसरा आक्षेप झाशीच्या आगीच्या चौकशीत निघाला: नवजात कक्षात बाळांमुळे स्प्रिंकलर लावत नाहीत. अमेरिकेत नवे रुग्णालय संपूर्णपणे स्प्रिंकलरखाली लागते, नवजात कक्षही त्यातून सुटत नाही. आणि पाणी नकोच असेल, तर त्या खोलीसाठी दुसरे काय ठेवले, हे फेब्रुवारीच्या तपासणीने विचारायला हवे होते. तिसरा आक्षेप, विमा कंपन्या नफेखोर आहेत. आहेतच! म्हणूनच त्यांचा माणूस खोट्या सहीवर गप्प बसणार नाही.

मोठ्या इमारतींची तपासणी मालकाच्या खिशातून काढून विमेकऱ्याच्या अंगावर टाकावी, एवढी सुधारणा सरकारला करता येईल. तोवर तुमच्या सोसायटीत स्प्रिंकलर असतील तर पुढच्या प्रमाणपत्राआधी शेवटचा व्हॉल्व्ह तुमच्यादेखत उघडायला सांगा, आणि पाच मिनिटांत घंटा वाजली नाही तर बिल अडवून ठेवा.